यंत्रमागासाठीचे उत्पादन-व्यवस्थापन सॉफ्टवेअर : कचेरीत उत्तम, शेडमध्ये अपुरे

सोलापुरात चादर आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांना सध्या जी उत्पादन-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर विकली जात आहेत, त्यांपैकी एक अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या मध्यम आकाराच्या कारखान्यात वापरात आहे. हिशेब आणि उत्पादनाच्या नोंदी या दोन्ही बाजू माझ्याकडे असल्यामुळे त्याचा रोजचा संबंध मालकांपेक्षा मला अधिक येतो. सॉफ्टवेअरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच कंपनीच्या नाहीत. खरेदीपूर्वी ज्यांची प्रात्यक्षिके पाहिली त्या इतरांच्या सॉफ्टवेअरमध्येही त्या कमीअधिक प्रमाणात होत्या. मत आधीच सांगून टाकतो. बिल, खरेदी आणि ऑर्डर यांपुरते हे सॉफ्टवेअर पैसे वसूल करणारे आहे. मागाच्या शेडमध्ये मात्र ते अडखळते. याचे कारण प्रोग्रॅममधल्या चुका नसून, प्रोग्रॅम लिहिण्याआधी आमच्या कामाचे जे चित्र कागदावर काढले गेले, त्यात आहे.

चांगल्या बाजूबद्दल थोडक्यात लिहिले तरी पुरे. वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यावसायिकांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. ते काम या सॉफ्टवेअरमधून विनातक्रार होते. टॉवेल आणि चादरी यांचे एचएसएन कोड (करासाठीचे मालाचे वर्गीकरण-क्रमांक), वाहतुकीचे ई-वे बिल, लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत भागवण्याची आठवण, व्यापाऱ्यानुसार येणे, ऑर्डरनुसार शिल्लक माल, हे सगळे एका जागी मिळते. पूर्वी यासाठी तीन वह्या आणि दोन एक्सेल फाइली चाळाव्या लागत. मराठी स्क्रीनही बऱ्यापैकी आहे, जरी काही ठिकाणी भाषांतर करणाऱ्याने सूताचा धंदा कधी पाहिला नसावा असे वाटत राहते.

आता शेडकडे येऊ. कंपनीचे दोन इंजिनिअर कामाचा अभ्यास करण्यासाठी आले, तेव्हा त्यांची बैठक मालकांच्या केबिनमध्ये झाली. मालक आणि व्यवस्थापक यांनी काम सांगितले, इंजिनिअरांनी ते लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि चहा झाल्यावर शेडमधून एक फेरफटका मारला. मागांच्या खडखडाटात कोणाशी बोलणे शक्य नव्हते, आणि तसा प्रयत्नही झाला नाही. काही दिवसांनी एक सुबक तक्ता आला : सूत, डाइंग (रंगाई), वार्पिंग (उभे धागे शेजारी-शेजारी लावून गुंडाळणे), बीम (त्या धाग्यांचे रूळ), माग, कटाई आणि शिलाई, घडी, पॅकिंग. प्रत्येक टप्प्याची एक चौकट, चौकटींमध्ये एकाच दिशेने जाणारे बाण, आणि प्रत्येक बाणावर कोणती नोंद कोणी करायची ते. तक्त्यात खोटे काही नव्हते. मालकांना तो लगेच पटला, आणि तसे होणे स्वाभाविकच होते, कारण तो त्यांनीच सांगितलेला होता.

या विषयावर परदेशात बराच विचार झालेला आहे आणि तो आपल्याकडील कारखानदारांना ठाऊक असायला हरकत नाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या मानवशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी १९९५ साली, संगणकतज्ज्ञांच्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात, संगणक प्रणाली तयार करताना कामाचे चित्रण कसे केले जाते यावर एक लेख लिहिला होता. एखाद्या कामापासून माणूस जितका दूर बसलेला असतो तितके ते काम त्याला सोपे आणि साचेबंद दिसते, आणि काम जितके सफाईदार होते तितके ते इतरांच्या नजरेतून निसटते, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यांनी दिलेले उदाहरण वकिलांच्या कचेरीतील आहे. खटल्याच्या हजारो कागदांची वर्गवारी करून त्यांची यादी तयार करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम हे बिनडोक आहे आणि ते यंत्राकडे किंवा बाहेर सोपवता येईल, असे तेथील एका वकिलाचे मत होते; प्रत्यक्ष त्या कर्मचाऱ्यांजवळ बसून पाहिल्यावर मात्र प्रत्येक कागदामागे त्यांना निर्णय घ्यावा लागतो असे आढळले. आमच्या तक्त्यात नेमके हेच घडले होते. दोन चौकटींच्या मधला बाण काढायला इंजिनिअरला क्षणभर लागला असेल, परंतु एका टप्प्याचा माल पुढच्या टप्प्यात नीट पोचावा म्हणून जी माणसे दिवसभर राबतात, ती सगळी त्या बाणाच्या पोटात दडपली गेली.

सर्वांत महागात पडलेले उदाहरण लाल सुताचे आहे. सॉफ्टवेअरमध्ये सुताची नोंद काउंट (सुताचा जाड-बारीकपणा), रंगाचा कोड आणि वजन अशी होते. लाल म्हणजे एक कोड, आणि गोदामात अमुक किलो लाल. पण ज्याने डाइंग पाहिले आहे त्याला माहीत असते की दोन वेगवेगळ्या दिवशी रंगवलेले लाल सूत कागदावर एकच असले तरी डोळ्यांना एकच नसते. पाण्याचा जडपणा बदलला, रंगाची पेटी नवी फोडली, भिजवण्याचा वेळ थोडा पुढेमागे झाला, तरी छटेत फरक पडतो. आमच्या गोदामातील अक्का प्रत्येक लॉटच्या लडीला वेगळी चिंधी बांधून ठेवतात. कांडी भरणाऱ्या बायकांना सूत देताना कोणत्या मागावर कोणती ऑर्डर चालू आहे हे त्या विचारतात, आणि लॉटचे थोडेसेच सूत उरले असेल तर ते मोठ्या चादरीला न देता एखाद्या किरकोळ कामासाठी राखून ठेवतात. सॉफ्टवेअरने जुना माल आधी संपवण्याच्या नियमाने उरलेले जुने लाल आणि नवे लाल एकाच मागाला दिले. आडव्या सुतात मध्येच लॉट बदलला की चादरीवर पट्टा पडतो, आणि सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसत असल्यामुळे तो उलट्या अंगाला लपवताही येत नाही. तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात, काढावा लागला. येथील चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ज्या रंगकामावर आणि विणीवर हे नाव उभे आहे, त्याचा सांभाळ अक्कांच्या चिंध्यांमधून होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या चिंधीला जागा नव्हती.

दुसरी अडचण मजुरीची. विणकराला मजुरी नगावर मिळते. पाळी बदलताना मागावर अर्धी विणलेली चादर असते, ती कोणाच्या नावावर धरायची? आमच्याकडे एकाच मागावर दिवसपाळी आणि रात्रपाळी करणाऱ्या दोघांची जोडी ठरलेली असते, आणि अर्धा नग या आठवड्यात याचा, पुढच्या आठवड्यात त्याचा, असे ते आपापसात मिटवतात. एखाद्याच्या घरी लग्न किंवा दुखणे असेल तर त्यात सवलतही दिली जाते. दिवाणजींच्या वहीत दोघांची नावे शेजारी असतात आणि मधल्या नगासाठी केवळ एक टिंब. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नग कापला जाईल त्या क्षणी ज्याने लॉगिन केले असेल त्याच्या नावावर तो पूर्ण चढतो. परिणाम असा झाला की पाळी संपत आली की काही जण घाईने नग पूर्ण करू लागले, काही जण उरलेले काम दुसऱ्यावर सोडून माग बंद ठेवू लागले, आणि पगाराच्या दिवशी माझ्या टेबलासमोर अशी भांडणे येऊ लागली जी पूर्वी शेडबाहेर कधी आली नव्हती. दोघांच्या समजुतीने चालणारी एक व्यवस्था, ती कोणी लिहून ठेवली नव्हती एवढ्याच कारणाने, मोडीत निघाली.

तिसरी गोष्ट माग थांबण्याच्या नोंदीची. माग थांबला की विणकराने टॅबलेटवर कारण निवडायचे : ताणा (उभा धागा) तुटला, बाणा (आडवा धागा) तुटला, बीम संपला, यांत्रिक बिघाड, वीज नाही, सूत नाही, इतर. पहिल्या महिन्याचा अहवाल उघडला तेव्हा ‘इतर’ हा स्तंभ सर्वांत उंच होता. त्यावर व्यवस्थापकांनी शिस्तीचा प्रश्न काढला, पण शेडमध्ये उभे राहून पाहिले की उलगडा होतो. विणकर दोन माग सांभाळतो. एका मागावर ताणा तुटून तो सांधत असताना दुसऱ्या मागाचा आवाज बदललेला त्याच्या कानाला कळतो, आणि धोटा (आडवे सूत इकडून तिकडे नेणारा) अडकून शंभर धागे तुटण्याआधीच तो दुसरा माग हाताने बंद करतो. बिघाड झालेलाच नाही, कारण तो होऊ दिलेला नाही. याला यादीतले कोणते कारण लावायचे? अहवालात मात्र तो माग थांबून राहिलेला दिसतो, आणि जो विणकर असे बिघाड होण्यापूर्वीच ओळखतो त्याची कार्यक्षमता कमी दाखवली जाते.

याच कामासाठी शेडमध्ये एक जुनी रीत आहे. मागाच्या चौकटीवर रात्रपाळीवाला खडूने लिहून ठेवतो : ‘डावी कड सैल’, ‘तिसऱ्या कार्डापाशी जपून’, कधी तेलुगूत, कधी मराठीत, कधी नुसती एक खूण. सकाळी जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारा कारागीर, शेडमध्ये शिरला की आधी या खुणा वाचत जातो आणि मगच हत्यारांची पेटी उघडतो. टॅबलेट आल्यावर खडू बंद करण्याची सूचना निघाली होती. ती कोणी पाळली नाही, हे कारखान्याच्या दृष्टीने बरेच झाले.

जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डांचे नाव निघालेच आहे तर एक अवांतर गोष्ट. जोझेफ मारी जॅकार्ड यांनी फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास तयार केलेल्या यंत्रातील छिद्रांच्या कार्डांपासून पुढे संगणकाच्या पंचकार्डापर्यंत परंपरा जोडली जाते, आणि संगणक विकणारे लोक ती आम्हां सोलापूरकरांना मोठ्या कौतुकाने ऐकवतात. ते खरेच आहे. पण कार्डात लिहिलेले असते ते कोणता धागा केव्हा उचलायचा एवढेच; भिजलेल्या पुठ्ठ्याचे छिद्र ढिले झाल्यावर नक्षीतला मोर कुठे बिघडतो हे विणकर पाहतो. कार्डावर विणकराचे काम कोणी कधी लिहिले नव्हते, आणि लिहिले आहे असा दावाही कोणी केला नव्हता. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो केला, इतकाच फरक.

हे केवळ सोलापूरचे रडगाणे समजू नये. ब्रिटनमधील एका छपाई व्यवसायात कामाचा क्रम बांधून देणारी प्रणाली बसवली तेव्हा काय झाले याचा अभ्यास जॉन बॉवर्स, ग्रॅहम बटन आणि वेस शारॉक यांनी १९९५ मध्ये मांडला होता. छापखान्यातले लोक पुढचे काम येताना दिसले की कागदपत्रे पुरी होण्याआधीच तयारीला लागत, एकमेकांची कामे उचलून घेत, मोकळे यंत्र रिकामे राहू देत नसत. प्रणालीला मात्र प्रत्येक काम ठरल्या क्रमाने सुरू झालेले आणि संपलेले हवे होते, आणि त्यामुळे कामगारांवर प्रणालीचे समाधान करण्याचे जादा काम येऊन पडले. आमच्याकडे बीम संपत आला की वहिफणीचा (नव्या बीमचे धागे मागात ओवून घेणारा) माणूस नवा बीम येण्याआधीच जाऊन उभा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नवा बीम ‘जारी’ झाल्याशिवाय त्याचे काम सुरूच होत नाही. त्यामुळे तो काम आधी करतो आणि नोंद नंतर होते, आणि अहवालात वहिफणीला काही मिनिटेच लागतात असे दिसते. त्या मिनिटांवरून उद्या कोणी त्याची मजुरी ठरवू नये, एवढीच अपेक्षा.

येथे परीक्षणातला सर्वांत नाजूक मुद्दा येतो. वर जे लिहिले त्यावरून, शेडमधले सगळे काम बारकाईने टिपून सॉफ्टवेअरमध्ये घालावे हाच उपाय आहे, असे कोणालाही वाटेल, आणि कंपनीलाही तसेच वाटले. त्यांनी मागांवर सेन्सर बसवण्याचा प्रस्ताव पाठवला, ज्यात प्रत्येक माग केव्हा थांबला आणि जॉबरला तेथे पोचायला किती वेळ लागला हे मालकांच्या मोबाइलवर दिसणार होते. आमचे जॉबर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, प्रस्ताव ऐकून एवढेच म्हणाले, “माग थांबला हे यंत्र सांगंल. मी आधी कुठल्या मागाकडं गेलो आन का गेलो, ते साहेबांना कोण सांगणार?” सचमन यांनीही हाच इशारा दिला आहे : काम दिसू लागणे ही नेहमीच काम करणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट नसते, ते कोणाला दिसते आणि त्यावरून कोण काय ठरवते यावर सगळे अवलंबून असते. म्हणून सेन्सर आम्ही घेतले नाहीत. मालकांनी नकार दिला तो खर्चामुळे. माझा नकार या कारणामुळे होता, आणि दोन्ही कारणांनी निर्णय एकच झाला हे माझे नशीब.

उत्तर युरोपात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले गेले. सिम्युला या संगणकभाषेचे एक जनक क्रिस्टेन नुगोर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, जेणेकरून कारखान्यात येणाऱ्या संगणकाबद्दल कामगारांनाही आपली भूमिका ठरवता यावी. पुढे १९८१ पासून स्वीडन आणि डेन्मार्कमधील छपाई कामगारांसोबत ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला, त्यात वृत्तपत्राची पाने लावणाऱ्या कारागिरांनी पुठ्ठा आणि प्लायवूडची लुटुपुटीची यंत्रे मांडून, यंत्र प्रत्यक्ष तयार होण्याआधीच, आपले काम त्यावर करून पाहिले. आपल्याकडे संघटना आहेत, पुठ्ठाही आहे. सॉफ्टवेअर विकत घेताना या दोघांची आठवण कोणालाच होत नाही.

कंपनीच्या सेवेबद्दल न्यायाने बोलायचे तर दुसरी फेरी पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली झाली. लाल सुताच्या प्रकारानंतर त्यांनी एक तरुण इंजिनिअर बाई पाठवल्या. त्या केबिनमध्ये थांबल्याच नाहीत. गोदामात अक्कांशेजारी आणि रात्रपाळीच्या वेळी शेडमध्ये बसल्या, प्रश्न कमी विचारले आणि पाहिले जास्त. त्यांच्या भेटीतून झालेले बदल खरोखर उपयोगी आहेत. सुताच्या नोंदीत लॉट क्रमांकाचा रकाना आला आणि लॉट बदलण्याआधी अक्कांची मान्यता लागू लागली. नग आता जोडीच्या नावावर चढतो, त्याची वाटणी ते दोघे करतात आणि आम्ही विचारत नाही. माग थांबण्याच्या यादीत ‘विणकराने थांबवला’ हे कारण आले आणि ते कार्यक्षमतेच्या हिशेबातून वगळले गेले. या बदलांचे वेगळे पैसे मात्र घेतले गेले, आणि जे पहिल्याच अभ्यासात व्हायला हवे होते त्याचे बिल ग्राहकाला लावणे मला मान्य नाही.

सुटीचे कॅलेंडर ही किरकोळ पण त्रासदायक गोष्ट अजून तशीच आहे. सॉफ्टवेअरला सरकारी सुट्या माहीत आहेत. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, तेव्हा येथील शेडमध्ये हजेरी कशी असते हे त्याला माहीत नाही, आणि त्या आठवड्यांच्या ऑर्डरच्या तारखा ते बिनदिक्कत देऊन टाकते. आम्ही त्या हाताने पुढे ढकलतो.

एकूण हिशेब असा की बिलिंग, खरेदी आणि ऑर्डर यांसाठी मी या सॉफ्टवेअरला पाचपैकी चार गुण देईन, शेडसाठी पहिल्या स्वरूपात एक आणि बदलांनंतर तीन. वार्षिक करार आम्ही पुढे चालू ठेवला आहे. जे कारखानदार असे काही विकत घेण्याच्या विचारात असतील त्यांनी प्रात्यक्षिकातील रंगीत आलेखांवर वेळ घालवू नये. कंपनीने तुमच्या कामाचा जो तक्ता काढला असेल तो मागून घ्यावा, तो काढताना शेडमधील कोणाकोणाशी बोलणे झाले याची यादी विचारावी, आणि तो तक्ता दिवाणजी, जॉबर, गोदाम सांभाळणारी व्यक्ती आणि किमान एका विणकराला त्यांच्या भाषेत समजावून दाखवावा. पैशांचा शेवटचा हप्ता या मंडळींनी पूर्ण एक पगार-आठवडा वापरून पाहिल्यावरच द्यायचा, अशी अट करारात घालावी. आमच्या नव्या करारात ती घातली आहे. कंपनीने थोडी कुरकुर करून ती मान्य केली.